नानांच्या खुर्चीवर जावई

आधी अक्कांचं सांगतो, मग दुकानाचं. खरं तर त्यांचं नावच इथे लिहायचं होतं, पण त्यांनी हात जोडले. म्हणाल्या, "मनं नाव लिखू नको रे भाऊ, मंग लोके दळण सोडीसन फोटोनंच विचारतीन." म्हणून नुसतं अक्का. देवपुरात ज्या गल्लीत माझा फोटो स्टुडिओ आहे, तिथे बरोब्बर समोर अक्कांची पिठाची गिरणी आहे. माझं शटर आज सकाळी वर गेलं ते त्या बाईंमुळे. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. पुढे सांगण्याच्या भरात मीच काही तरी पराक्रम केला असं वाटायला लागेल, आणि तसं काही झालेलं नाही.

मी मुक्ताईनगरकडचा. नववीत शाळा सुटली. सुटली म्हणजे मी सोडली, पण घरी अजून 'सुटली' असंच म्हणतात, जसं काही बस सुटली. पुढे जळगावला एका लग्नाच्या फोटोवाल्याकडे लाईट धरायला लागलो. दुसऱ्याच्या लग्नात हात वर करून तासन् तास उभं राहायचं, हे काम मला चांगलं जमलं. त्यांनी नवा कॅमेरा घेतला तेव्हा जुना मला दिला आणि म्हणाले, धुळ्याला जा, देवपुरात शाळा-कॉलेजं भरपूर, पासपोर्ट फोटोवरच पोट भरेल.

म्हणून धुळ्याला आलो. आमच्या घरापासून धुळं म्हणजे जळगावला बस बदलायची आणि अर्धा दिवस खर्ची घालायचा. मला ते फार लांब वाटायचं. पहिल्या आठवड्यात मी अक्कांना सांगितलं, "घर फार लांब राहिलं, अक्का." त्यांनी गिरणीचा पट्टा चढवता चढवता माझ्याकडे पाहिलं. "कोठे शे घर? लंडनले?" मी गाव सांगितलं. "आत्ते! मना भाचा रोज तिकडथून केळाना ट्रक आनस. तो दुपारले मनाकडे जेवस, संध्याकायले घर." त्या दिवसापासून मी घर लांब असल्याचं कोणाला सांगितलं नाही. पण लांबच होतं.

गाळा नानांचा. नाना म्हणजे आमच्या गल्लीतले मोठे माणूस, मागच्याच अंगाला त्यांचं घर. त्यांनी गाळा देताना सांगितलं होतं, "चालवून दाखव. चालतं दुकान मी कधी उठवत नाही. पण बंद दुकान आणि बसलेलं दुकान मला सारखंच." मी मान डोलावली. मान डोलावण्यात मला कोणी हरवू शकत नाही.

दुकान बसलंच. कॉलेजची पोरं फोटो मोबाईलवरच काढायची, मागची भिंत पांढरी करायचं काहीतरी त्यांच्या मोबाईलमध्येच असतं, आणि फॉर्मही मोबाईलवरच भरायची. माझ्याकडे यायची ती फक्त विचारायला, "भाऊ, इथे झेरॉक्स कुठे मिळेल?" मी पाटी रंगवून घेतली. पेपरात टाकून पत्रकं वाटली, ती दुसऱ्या दिवशी वडापावाच्या गाडीवर दिसली, वडे गुंडाळलेली. इन्स्टाग्रामवर पान उघडलं. त्यावर पहिलं लाईक माझ्या थोरल्या भावाचं आलं, आणि त्याखाली त्याने लिहिलं, 'केळीचे घड वाहायला माणूस कमी आहे.' सगळ्या जगाला दिसेल असं. मी ते पुसलं, तर त्याने परत लिहिलं.

मला आधी वाईटच सुचतं, हा माझा स्वभाव. कोणी दुकानाच्या पायरीवर थांबलं की वाटायचं, चप्पल तुटली असेल. आणि बहुतेक वेळा तुटलेलीच असायची.

आषाढात एक दिवस नाना आले, दुकानात नजर फिरवली, भिंतीवरच्या डोंगर-धबधब्याच्या पडद्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि म्हणाले, "मोबाईल दुरुस्तीवाला एक पोरगा मागे लागलाय गाळ्यासाठी. मी त्याला म्हटलं, श्रावण संपू दे. मग बघू." एवढं बोलून गेले. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

समोरून अक्कांनी ऐकलं होतं. गिरणी चालू असताना त्यांना सगळं ऐकू येतं, बंद असली की हाका मारल्या तरी येत नाही. त्या आल्या, पदराने हात पुसले आणि माझ्या भिंतीवरचे नमुन्याचे फोटो बघायला लागल्या.

"काय रे, ह्या लोके चोरी करीसन बठेल शेत का?"

"नाही अक्का, पासपोर्टचे फोटो आहेत."

"मंग असा तोंड करीसन काब्र बठेल शेत?"

मी म्हटलं, "मी सांगतो त्यांना, हसू नका म्हणून."

"तू सांगस?" त्या खुर्चीवर बसल्याच. "मानूस पैसा दीसन येस, अन् तू त्याले सांगस हसू नको? हाई काम ते बठ्ठी दुन्या फुकट करस!"

त्या म्हणतात ते खरं होतं, हसू नको म्हणायला सगळं जग फुकट बसलेलं असतं. मला भीती वाटायची, की माणूस हसला तर फोटो हलेल, हलला तर परत काढावा लागेल, परत काढताना तो वैतागेल आणि गल्लीभर सांगेल. त्यामुळे मी गिऱ्हाईक बसलं की आधीच घाबऱ्या आवाजात म्हणायचो, 'हलू नका, हसू नका, श्वास जरा थांबवा.' जळगावच्या मालकांनी मला लाईट धरायला शिकवलं होतं, बोलायला नाही.

दुसऱ्या दिवशी अक्कांनी मला कॅमेरा घेऊन गिरणीत बोलावलं. दळणाची रांग लागलेली होती. दादर ज्वारी, बाजरी, ज्वारी-उडदाच्या कळण्याचं दळण. बायका डब्यांवर बसून गप्पा मारत होत्या. पीठ उडून सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या. "काढ," अक्का म्हणाल्या. मी म्हटलं, "यांना सांगतो आधी, जरा नीट बसा म्हणून." "काही सांगू नको. तुनं तोंड बंद ठेव अन् त्यानं उघडं ठेव." त्यानं म्हणजे कॅमेऱ्याचं.

मी काढले. एक म्हातारी आजीबाई शेजारणीच्या कानात काही तरी सांगत होती आणि दोघी हसून हसून एकमेकींवर कलंडल्या होत्या, तो फोटो फार चांगला आला. अक्कांनी ते प्रिंट गिरणीच्या भिंतीवर खळ लावून चिकटवले. खळ घरचीच, पिठाची काय कमी. मग ज्या बाया दळायला आल्या त्या आधी भिंतीपाशी जायच्या. "ही मी शे का? माय वं!" एक सून म्हणाली, "सासूबाईंना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं." सासू मागेच उभी होती. पुढचं मी ऐकलं नाही, दुकानात पळालो.

त्याने चार माणसं वाढली. पण चार माणसांनी दुकान उभं राहत नाही, आणि श्रावण तोंडावर आला होता.

आता इथे कानबाईचं सांगायला हवं. आमच्या घरी कानबाई नाही, त्यामुळे मला यातलं काहीच माहीत नव्हतं, आणि पुढचा घोटाळा त्यातूनच झाला. श्रावणात रविवारी कानबाई बसते, कोणाकडे एका रविवारी तर कोणाकडे पुढच्या. नारळाला नथ, डोळे, शालू, दागिने घालून देवी मांडतात. त्या दिवशी भाऊबंदकी, म्हणजे एका कुळातली सगळी माणसं, झाडून एका घरात जमते. सुरतेला गेलेले, नाशकाला गेलेले, वर्षभर एकमेकांना फोन न करणारेसुद्धा. घरातल्या पुरुषांच्या संख्येवर मुठी मोजून गहू घ्यायचे, ते दळायचे आणि त्याचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या, करायचे. रोट खायचे ते फक्त भाऊबंदांनी. बाहेरच्याला घास नाही. सुना चालतात, कारण त्या घरच्या झाल्या. लग्न झालेल्या लेकीला मात्र नाही, ती दुसऱ्या घरची झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी वाजतगाजत देवी नदीवर जाते.

हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच दिसलं, की अक्का एका दुपारी गिरणी बंद करून ती धुवायला-पुसायला लागल्या. आधीच्या बाजरीचा कण राहता कामा नये म्हणे. रोटाचे गहू यायला सुरुवात झाली होती.

"बठ्ठा देवपुरनी भाऊबंदकी मना जात्यामाथीन जास," त्या मला म्हणाल्या. "कोना घर किती मानसं येतीन, गहू पाहीसन समजस. अन् एवढा मानसं येतस, खातस, भांडतस, परत जातस. फोटो एक नही! समजनं का काही?"

मला समजलं नाही. त्यांनी कपाळाला हात लावला. कपाळ पांढरं झालं.

मग अक्का स्वतःच नानांकडे गेल्या. त्यांच्या घरचे रोटाचे गहू सगळ्यात जास्त असतात. काय बोलल्या ते ठाऊक नाही. संध्याकाळी नाना दुकानाशी आले. "सोमवारी सकाळी ये. देवी निघायच्या आधी सगळ्या भाऊबंदांचा एक फोटो. मोठा करून बैठकीत लावायचा आहे." जाताना वळून म्हणाले, "चांगला काढ बरं." मला ते ऐकू आलं असं, 'यावर ठरेल.' त्यांनी म्हटलं नव्हतं. पण मला वाईट आधी ऐकू येतं.

रविवारी रात्री मला झोप नाही हे सांगायला नकोच. बॅटरी चार्ज केली, काढली, परत लावली. कार्ड रिकामं केलं, मग काळजी वाटली की फार रिकामं तर नाही ना झालं. सकाळी निघालो तर अक्का गिरणीच्या दारात. "रोटकडे देखजो नको," त्या म्हणाल्या. "भूक लागनी ते मनाकडे भाकर शे. अन् घाबरू नको. तू घाबरस ते फोटो घाबरस."

नानांच्या अंगणात माणसं मावत नव्हती. नव्या साड्यांचा सळसळाट, पोरांच्या पायात पोरं, दारात ढोलवाले तयार. पुढे खुर्च्यांची रांग मांडलेली, लाल प्लास्टिकच्या, आणि मधोमध एकच लाकडी, हातांची, घरातली खुर्ची. ती रिकामी. मी विचारलं, "सगळे आले का?" दहा जणांनी दहा उत्तरं दिली.

तेवढ्यात एक गृहस्थ पुढे झाले. चमकदार जाकीट, काळा चष्मा, केसांना तेल नाही पण चमक आहे असे. ते सगळ्यांना उभं करत होते. "तुम्ही इकडे या, काकू तुम्ही बसा, अरे त्या पोराला पुढे घ्या." अंगण त्यांच्या बोटावर हलत होतं. मला केवढा आधार वाटला! मी शेजारच्याला हळूच विचारलं, "हे कोण?" "जवाईबापू," तो म्हणाला. झालं. आमच्याकडे जावई म्हणजे जावई. पंगतीत पहिला पाट त्याचा, चहाचा पहिला कप त्याचा. मी लगबगीने गेलो. "पाहुणे, तुम्ही मधे बसा ना. मधली खुर्ची रिकामी आहे."

ते नको नको म्हणाले. मी आग्रह केला. मी, ज्याला गिऱ्हाइकाशी बोलता येत नाही, त्याने त्या दिवशी आयुष्यातला पहिला आग्रह केला. ते बसले. बसताना जाकीट नीट केलं.

मी कॅमेरा डोळ्याला लावला. अक्कांचं शिकवणं आठवलं आणि म्हणालो, "हसा!" सगळे हसले. मोकळं, छान हसले. मी चार-पाच फोटो घेतले. पडद्यावर पाहिलं तर इतका सुरेख फोटो मी कधी काढला नव्हता. वाटलं, दुकान वाचलं.

"दखू," मागून आवाज आला. नाना.

त्यांनी चष्मा कपाळावर चढवून कॅमेऱ्याचा पडदा डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ पाहिलं. मग शांतपणे म्हणाले, "फोटो झकास शे. फक्त घर कोनं शे ते समजत नही."

मी पाहिलं. मधल्या खुर्चीवर जावईबापू, हात दोन्ही दांड्यांवर, राजासारखे. आणि नाना? नाना डावीकडे अगदी कडेला, तुळशीवृंदावनाच्या मागे, अर्धा चेहरा, तोही कोणाच्या तरी पदराने झाकलेला. ते आले तेव्हा खुर्ची भरलेली होती. जावयाला उठ म्हणता येत नाही, म्हणून गुपचूप कडेला जाऊन उभे राहिले होते. आणि मी 'हसा' म्हटल्यावर हसले पण होते. ते हसू फोटोत अर्धं दिसत होतं.

मागून कोणी तरी म्हणालं, "अरे, रोटाच्या फोटोत पाहुणे कसे? लेकी पण बसल्या आहेत बघ." एक काकू म्हणाल्या, "हा फोटो बैठकीत लावला तर बाहेरचे म्हणतील, यांच्याकडे जावई रोट खातो." कोणी हसलं, कोणी नाही. जावईबापूंनी काळा चष्मा काढला. ते खुर्चीवरून उठले, एकदम ताठ. "बरोबर आहे. मी गाडीपाशी थांबतो." त्यांची बायको, म्हणजे नानांची लेक, एकदा बापाकडे आणि एकदा नवऱ्याकडे बघायला लागली. तिचा हात पदराकडे गेला. ढोलवाल्याने एक टिपरू मारलं आणि वातावरण पाहून दुसरं मारलं नाही.

मी मनात सामान बांधायला घेतलं. आधी डोंगर-धबधब्याचा पडदा गुंडाळायचा, मग ट्रायपॉड. जळगावला बस बदलायची. भाऊ फाट्यावर उभा असेल, खांद्यावर केळीचा घड घेऊन, मला देण्यासाठी. फोटो पुसला तर जावई गेला, ठेवला तर नाना गेले. दोन्हीकडून दुकान गेलंच होतं.

दर्शनाला आलेल्या शेजारणींच्या घोळक्यातून अक्कांचा आवाज आला. गिरणीच्या आवाजावर मात करून बोलायची सवय असलेला तो आवाज, अंगणभर झाला.

"काय रे फोटोवाला! पाव्हनास्ना फोटो व्हई गया ना? मंग आते भाऊबंदस्ना काढ की लवकर! कानबाई वाट दखी राहिनी!"

सगळे त्यांच्याकडे वळले. अक्का इतक्या सहज उभ्या होत्या, की जसं काही हे आधीपासून ठरलेलंच होतं. मग सगळे माझ्याकडे वळले.

"हो," मी म्हणालो. "हा पाहुण्यांसोबतचा होता. आधी पाहुण्यांचा काढतात. मग... मग घरचा." कुठे काढतात, कोण काढतात, मला माहीत नव्हतं. नानांनी माझ्याकडे पाहिलं, मग अक्कांकडे पाहिलं. त्यांच्या मिशीत काही तरी हललं.

"असं शे का," ते म्हणाले. "मंग आधी सांगाना व्हतं." आणि जाऊन आपल्या खुर्चीवर बसले.

जावईबापू अजून ताठच होते. इथे मला एक सुचलं, आणि या सगळ्या प्रकरणात माझं स्वतःचं असं एवढंच. मी पिशवीतून उजेड परतवायची पांढरी गोल चकती काढली आणि त्यांच्यापुढे केली. "पाहुणे, जरा हे धरता का? नानांच्या तोंडावर सावली येते आहे. हे नीट धरायला माहीतगार माणूस लागतो." त्यांनी चकतीकडे पाहिलं, उन्हाकडे पाहिलं, चष्मा डोक्यावर ठेवला आणि धरली. वर-खाली करून नानांच्या चेहऱ्यावर उजेड पाडला. "थोडं डावीकडे बघा, मामा," ते सासऱ्यांना म्हणाले. सासरे डावीकडे बघायला लागले.

अक्का माझ्या कानाशी आल्या. "जवाईले कामले लावं ते रुसाले येळ भेटत नही."

तो दुसरा फोटो काढताना मी प्रथमच मान वर करून बघितलं, की कॅमेऱ्याच्या या बाजूला कोण कोण आहे. पलीकडे एका रोटाची माणसं, नाना मधे, सुना, नातवंडं. अलीकडे जावई चकती धरून, लेकी, शेजारणी, अक्का आणि मी. लेकी हसत होत्या, पण आपल्याच अंगणात आपण बाहेर उभं राहायचं म्हटल्यावर जसं हसतात तसं. त्यातली एक, नानांची धाकटी, मला म्हणाली, "भाऊ, आमचा पण काढा ना एक. नुसत्या लेकींचा."

तो तिसरा. नानांच्या घरातल्या सगळ्या लेकी, आत्यांपासून परवा लग्न झालेलीपर्यंत, कानबाईच्या पुढ्यात. कोणी सांगितलं नाही तरी त्या एकमेकींच्या गळ्यात हात टाकून उभ्या राहिल्या. मी त्यांना 'हसा' म्हणायला तोंड उघडलं, तर अक्कांनी मागून कोपर मारलं. गरज नव्हती.

देवी नदीवर निघाली तेव्हा ढोल इतके जोरात वाजले, की मला वाटलं, उशीर झाल्याचा राग काढतायत. पांझरेच्या काठापर्यंत मी सोबत गेलो. परत आलो तेव्हा अक्कांनी गिरणीत भाकर आणि ठेचा काढून ठेवला होता. मी म्हटलं, "अक्का, देवीपुढे तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात."

"खोटं नही बोलनू," त्या म्हणाल्या. "जरासं आगाऊ बोलनू. नंतर तसंच झायं की नही?"

आता गंमत ऐका. भाऊबंदांचा मोठा फोटो नानांच्या बैठकीत लागला, ठरल्याप्रमाणे. जावयांचा आतल्या खोलीत लागला. आणि लेकींचा फोटो? तो लेकींनी मोबाईलवर आपापल्या सासरी नेला. सासर कोणाचं शिरपूर, कोणाचं साक्री, कोणाचं अमळनेर. तिथे जावांनी पाहिला, नणंदांनी पाहिला. नणंदा म्हणजे त्या घरच्या लेकी. सगळ्यांच्या मनात एकच आलं असणार. पुढच्या रविवारी ज्यांच्याकडे कानबाई होती, त्यांच्यातून फोन आला. "तुम्हीच का ते, लेकींचा फोटो काढणारे?" मी दचकून म्हणालो, "काही चुकलं का?" पलीकडची बाई हसायलाच लागली.

तिथून ते वाढलं. घरचा, पाहुण्यांचा, लेकींचा, असे तीन फोटो काढायची आता आमच्या भागात रीतच पडल्यासारखी झाली आहे, आणि लोक मला सांगतात, की ही जुनी पद्धत आहे. मी मान डोलावतो. कानबाईवरून बारशाला बोलावणं आलं, बारशावरून साखरपुड्याला. लेक माहेरी यायची असली की माहेरची माणसं आधी मला विचारतात, रिकामा आहेस का. इन्स्टाग्रामवरही लेकींच्या फोटोखाली लोक लिहितात. भावानेही लिहिलं एकदा, 'बरा आहे.' एवढं तर त्याने केळीच्या पिकालाही कधी म्हटलं नाही.

श्रावण संपल्यावर नाना आले. मी उठून उभा राहिलो, हातातलं काम खाली पडलं. मोबाईलवाला पोरगा सोबत असेल म्हणून मी त्यांच्या मागे बघितलं. कोणी नव्हतं. ते पायरीवर उभे राहून म्हणाले, "तू मना जवाईले मनी खुर्चीवर बठाडं. मी त्याले उठाडू नही शकनू. आते तुले कसा उठाडू?" आणि पाटीकडे बोट दाखवलं. "ती वाकडी शे. नीट लाव. आता राहायचंच आहे तर."

मी पाटी नीट लावली. अक्का समोरून म्हणत होत्या, "डावीकडे. अरे तुनं डावं, मनं नही!"

आईला फोन केला. सांगितलं, दुकान राहिलं. ती म्हणाली, "जेवलास का?" मी म्हटलं हो. मग ती म्हणाली, "संपला एकदाचा श्रावण," आणि मला कळलं की तिथेही कोणी तरी श्रावण मोजत होतं.

एक गोष्ट राहिली. दुसऱ्या वर्षी श्रावण आला, अक्कांनी गिरणी धुतली, गावाच्या रोटाचे गहू दळले. मी सहज विचारलं, "अक्का, तुमच्याकडे कानबाई कधी? तुमच्या भाऊबंदांचा फोटो मी काढणार बरं का, तीनही." त्या पट्ट्याला हात लावून थांबल्या. मग म्हणाल्या, त्यांचे मालक गेल्यावर दोन्ही दिरांचं एकमेकांशी वाजलं, शेताच्या बांधावरून. तेव्हापासून त्यांच्या घरात कानबाई बसलेली नाही. एक दीर नंदुरबारकडे, एक तिकडे सुरतेला. "दळाले बठ्ठास्नं, खावाले कोनंच नही," त्या म्हणाल्या आणि लगेच हसल्या, कारण माझं तोंड पाहिलं असणार. "असं तोंड कसाले करस? पासपोर्टना फोटो काढना शे का?"

मी हसलो. पण ते मनात राहिलं. मला दिरांची भांडणं सोडवता येत नाहीत, मला तर गिऱ्हाइकाशी धड बोलता येत नाही. मात्र सुरतेचे दीर मागच्या दिवाळीत इथून जाताना थांबले होते, गिरणीच्या भिंतीवरचे पिठाळ चेहरे बघत बराच वेळ उभे राहिले. त्यांची पोरगी मला म्हणाली, आमच्याकडे असा सगळ्यांचा फोटोच नाही. मी तिचा नंबर घेऊन ठेवला आहे, आणि नंदुरबारच्या दिरांच्या पोराचाही मिळवला आहे. अधूनमधून दोघांनाही लेकींचे, भाऊबंदांचे फोटो पाठवत असतो. काही लिहीत नाही, नुसते पाठवतो.

अक्का, हे तुम्हाला कोणी वाचून दाखवेल तेव्हा रागावू नका. तुमच्या घरी कानबाई बसेल, त्या दिवशी मी दुकान बंद ठेवून येईन. मधली खुर्ची मी स्वतः पुसून ठेवीन आणि तुम्ही बसेपर्यंत तिथे कोणालाही बसू देणार नाही, मग जावई का असेना. रोटाकडे बघणार नाही. तुमचं माझ्यावर जे आहे ते त्या दिवशी फेडीन, हा माझा शब्द.